लिंडसेला थांबायला जागा हवी होती

आमच्या कुंपणापलीकडचा लिंडसे ट्रेगोनिंग एकोणचाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवत होता. लिओंगाथ्याच्या टेकड्यांमधला असा एक गोठा नाही, जिथल्या कुत्र्याचं नाव त्याला माहीत नाही. निवृत्त झाल्यावर त्याने टोमॅटो लावले, गुडघा दुखवून घेतला आणि माझ्या गवत कापायच्या पद्धतीला नावं ठेवायला सुरुवात केली. त्याची बायको ग्लेनिस शाळेत कारकून होती. अख्ख्या गावाची जन्मतारीख तिला पाठ, पण स्वतःबद्दल चार शब्द बोलायचे म्हटले तर तिच्या अंगावर काटा येतो.

दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये तिच्या अँजिओग्राफीची तारीख आली, तीन वेळा पुढे ढकलून झाल्यावर. तपासणी मेलबर्नला, म्हणजे दोन तासांची वाट. तेव्हा करोनामुळे शहरात घराबाहेर पडायला सरकारने चारच कारणं ठेवली होती. किराणा, नोकरी, दवाखाना किंवा कुणाची देखभाल, आणि दिवसातून एक तास व्यायाम. आम्हा गावाकडच्यांना जरा सैल होतं, पण शहरात पाऊल टाकलं की शहराचे नियम.

हॉस्पिटलची अट निराळीच. सोबतच्या माणसाने आत यायचं नाही. पण फोन केला की पंधरा मिनिटांत त्याने दारात हजर व्हायचं, आणि तशी हमी मिळाल्याशिवाय तपासणी सुरूच होणार नाही. आता दोन तासांवर राहणारा माणूस पंधरा मिनिटांत यायचा तर त्याने मधल्या वेळात जायचं कुठे, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते नियम करणाऱ्यांना एकदा दुधाच्या टँकरवर पाठवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडीतून उतरताना ग्लेनिस म्हणाली, "मी बाहेर येईन तेव्हा दारात तू दिसला पाहिजेस, लिंडसे. पंधरा मिनिटांनी नको. तेव्हाच."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो नुसता "बरं" म्हणाला. परिचारिकांसाठी तिने घरच्या झाडाची लिंबं पिशवी भरून आणली होती. बाहेरच्या वस्तू चालत नाहीत म्हणून पिशवी दारातूनच परत आली. ग्लेनिस आत गेली आणि लिंबं मागच्या सीटवर बसली. "चारच्या आधी काही फोन यायचा नाही," दारावरची परिचारिका म्हणाली. तेव्हा अकरा वाजले होते.

हॉस्पिटलचं वाहनतळ फक्त कर्मचाऱ्यांसाठी. लिंडसेने दोन गल्ल्या सोडून गाडी लावली आणि सीट मागे केली. अर्ध्या तासाने काचेवर टकटक झाली. तरुण पोलीसबाई होती, तोंडावर मास्क आणि हातात वही.

"कुठून आलात?"

"लिओंगाथा."

"बाप रे. आणि इथे काय करताय?"

"थांबलोय. बायको हॉस्पिटलात आहे."

तिने वहीत पाहिलं. "थांबणं यात नाही हो. देखभाल म्हणू का?"

"म्हणा की."

"पण त्या आत आहेत आणि तुम्ही गाडीत. गाडीत कुणाची देखभाल चाललीय?"

लिंडसेने मागे वळून पाहिलं. "लिंबांची," तो म्हणाला. तो हे चेष्टेने म्हणाला की खरंच उत्तर शोधत होता, हे मला अजून कळलेलं नाही.

ती हसली नाही, पण पोरगी भली होती. "हे बघा, मी तुम्हाला पाहिलंच नाही असं समजते. पण माझ्यानंतर येणारा असं समजणार नाही, आणि दंड जबर आहे. त्यापेक्षा चालत राहा. चालणं व्यायामात येतं."

"किती वेळ?"

"एक तास."

"आणि तपासणी पाच तासांची."

"मग हळू चाला," ती म्हणाली.

लिंडसे हळू चालला. गुडघ्यामुळे तसंही दुसरं काही जमणार नव्हतं. इकडचा ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, अंगात शिरणारा वारा होता. त्याने हॉस्पिटलला चार फेऱ्या मारल्या, नवस बोलल्यासारख्या. बागेतल्या बाकांना लाल-पांढरी फीत गुंडाळलेली. कॅफेवाल्यांनी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या, कॉफी खिडकीतून घ्यायची आणि चालतं व्हायचं. त्याने ती घेतली, आणि तिथेच घोडचूक झाली. कारण सार्वजनिक शौचालयाला कुलूप होतं. वय अडुसष्ट, थंडी, वर मोठा कप कॉफी. आमच्याकडे रस्त्याला निलगिरीची झाडं आहेत आणि जाणारा-येणारा मान वळवून घेतो. इथे एकच झाड होतं, आणि त्याच्यासमोर दाताचा दवाखाना.

मग तो सुपरमार्केटमध्ये शिरला. तिथे कर्मचाऱ्यांचंच शौचालय होतं, तेही बंद. पण ऊब होती. नियमाने घरटी एकाच माणसाने दिवसातून एकदा जायचं, म्हणजे ही एकच खेप पुरवायची होती. त्याने रांगेतला पहिला डबा उचलला आणि मागचा मजकूर वाचायला घेतला. मग दुसरा. चाळिसाव्या मिनिटाला पहारेकरी जवळ आला.

"काका, कुत्र्याच्या खाण्याचे डबे आहेत ते."

"दिसतंय."

"कुत्रा आहे तुमच्याकडे?"

"होता."

पहारेकऱ्याने बिचाऱ्याने खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, मग दीड मीटरचं अंतर आठवून खाली घेतला. लिंडसेने लाजेकाजेस्तव एक डबा विकत घेतला.

बाहेर आला तेव्हा एक वाजला होता आणि समोर रक्तपेढीची पाटी होती. लिंडसे जुना रक्तदाता. आमच्या गावात दर तीन महिन्यांनी रक्तपेढीची गाडी येते, तिच्यात त्रेसष्ट वेळा त्याने हात पुढे केलेला. रक्त द्यायला बाहेर पडणं दवाखान्याच्या कारणात बसत होतं. त्याने पाटीखालीच उभं राहून पाटीवरचा नंबर फिरवला आणि आपल्या रक्तदाता-कार्डाचा नंबर सांगितला.

"आज जागा आहे का?"

"एक चाळीसची एक रद्द झालीय," पलीकडची बाई म्हणाली.

"बसायला मिळेल?"

"झोपायला मिळेल, लिंडसे," तिने कार्ड नंबरावरून नाव काढून सांगितलं.

त्याने हिशेब केला. अडीचपर्यंत मोकळा, चारला फोन. वेळेच्या बाबतीत हा माणूस कधी चुकत नसे. आत गेल्यावर त्याने आधी शौचालय गाठलं. तिथे तो इतका वेळ होता की बाहेरून विचारणा झाली.

मारिसेल नावाची ठेंगणी, चटपटीत परिचारिका होती. तिने दंडाला पट्टा बांधला. "प्रेशर जरा चढलंय. कसली काळजी आहे का?"

"छे," लिंडसे म्हणाला. आमच्याकडे काळजी करायची ती दुसऱ्याच्या गुरांची. स्वतःच्या काळजीची वाच्यता नाही.

सुई टोचली, पाय वर झाले, अंगावर पांघरूण आलं. सबंध शहरात एकाच खुर्चीत बसायला परवानगी होती आणि ती त्याला मिळाली होती. सुखाने त्याचा डोळा लागला आणि फोन वाजला. एक अठ्ठावन्न.

"ग्लेनिसचे मिस्टर का? लवकर आटोपलं. एक शीर थोडी अरुंद आहे, गोळ्यांवर भागेल. पंधरा मिनिटांत दारात आणतेय त्यांना. जवळ आहात ना?"

"जवळच," लिंडसे आडवा पडून म्हणाला. फोन ठेवून तो मारिसेलकडे वळला. "काढा सुई."

"अजून तीन मिनिटं. अर्धी पिशवी कुणाच्या कामाची नाही, टाकून द्यावी लागते."

एकोणचाळीस वर्षांत ज्याने पेलाभर दूध सांडलं नाही, त्याला हे ऐकवायचं? "तीनच," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघत मूठ उघड-मीट करू लागला, रक्त लवकर यावं म्हणून.

तीन मिनिटं झाली. मारिसेलने कापूस लावला, पट्टी चिकटवली. "आता पंधरा मिनिटं बसायचं. चहा घ्या, बिस्कीट खा."

"पंधरा मिनिटांत मला तिथे पोचायचंय."

"तशी सोडायची परवानगी नाही मला."

लिंडसे उठला. दोन पावलं टाकली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मारिसेलच्या पायांवर बसला. झालं! आता पंधराची वीस मिनिटं झाली. खाली बसल्या-बसल्याच तो बोलायला लागला, आणि आम्ही कुणी त्याला कधी असं बोलताना ऐकलेलं नाही.

"ती दारात येईल आणि मी नसेन. असं होता कामा नये हो. ती मला सांगून गेलीय. मला भीती वाटतेय, मारिसेल."

मारिसेलने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उरली होती. "नियम एवढाच आहे की तुम्ही वीस मिनिटं बसायचं आणि मी लक्ष ठेवायचं," ती म्हणाली. "कुठे बसायचं ते लिहिलेलं नाही." तिने कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढली.

मेलबर्नच्या त्या रिकाम्या रस्त्यावरून पाच फुटी मारिसेल सहा फुटी लिंडसेला ढकलत पळत सुटली. मांडीवर कुत्र्याच्या खाण्याचा डबा, हातात बिस्कीट. चढावर तो पायाने जमीन रेटत होता आणि ती "पाय वर! पाय वर!" म्हणून ओरडत होती. एका पोलिसाने पाहिलं आणि बाजूला झाला. चाकांच्या खुर्चीला कुणी कारण विचारत नाही.

हॉस्पिटलचं काचेचं दार सरकलं. आतून एका खुर्चीत ग्लेनिस बाहेर आली, बाहेरून एका खुर्चीत लिंडसे पोचला. दोघांच्या हातांना सारख्याच पट्ट्या.

हॉस्पिटलच्या परिचारिकेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "न्यायला कोण आलंय?"

"मी," लिंडसे म्हणाला.

"आणि तुम्हाला न्यायला?"

"ही."

"सोबतचा माणूस स्वतःच्या पायांवर पाहिजे हो!"

"वीस मिनिटं भरली की होईल," मारिसेल धापा टाकत म्हणाली. "मी हमी देते."

"मग भरल्यावरच सोडेन."

"मग तोवर मी इथून हलत नाही."

शेवटी दोन्ही खुर्च्या छपराखाली शेजारी-शेजारी लावल्या. दोघी परिचारिका दीड मीटर अंतर राखून उभ्या राहिल्या, आपापला माणूस सांभाळत. ग्लेनिस हसायला लागली. इतकी हसली की तिच्या परिचारिकेने तिची नाडी धरली.

"होतास कुठे तू?" तिने विचारलं.

"थांबायला जागा शोधत होतो."

ग्लेनिसचं हसू थांबलं. ती म्हणाली, "बाबासुद्धा हेच म्हणाले होते."

आपल्या वडिलांशी ग्लेनिस बोलत नसे, एवढंच लिंडसेला ठाऊक होतं. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"आई गेली ना, ती याच शहरात. पित्ताशयातल्या खड्याच्या साध्या ऑपरेशनला आणलं होतं. मी पोचले तर ती बाबांना हाका मारत होती, आणि बाबांचा पत्ता नाही. ते आले, तोवर सगळं संपलं होतं. म्हणाले, आत थांबू दिलं नाही गं, गाडी घेऊन फिरत होतो, कुठे लावूच देईनात. मी म्हटलं, खोटं बोलू नका, पबमध्ये होतात. सगळ्यांच्या देखत म्हटलं. पुढे अकरा वर्षं जगले ते. मी एक शब्द बोलले नाही."

लिंडसेने पट्टी लावलेला हात सरकवून तिचा हात धरला. "प्यायचे का ते?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "कधीच नाही."

ती रडली, आणि त्यानेही मास्क वर करून डोळे पुसले. दोघी परिचारिका दुसरीकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळाने मारिसेलने घड्याळ पाहून विचारलं, "वीस मिनिटं झाली, लिंडसे. उठता येईल का?"

त्याला उठता येत होतं. "अजून पाच मिनिटं," तो म्हणाला.