मालिकेतले लाडके आजोबा

मिरच्या भाजल्याचा ठसका लागला की मला लालबागच्या चाळीतली मावशीची खोली आठवते. मालिकेतल्या लाडक्या आजोबांनी एका संध्याकाळी राहतं घर धाकट्या भावाला देऊन टाकलं, तेव्हा टीव्हीपुढे जमलेल्या शेजारणींनी डोळे पुसले. मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ खुडत मावशी म्हणाली, “पण बायकोला विचारलं का ह्याने?” सगळ्यांनी चोरून काकांकडे, म्हणजे मावशीच्या यजमानांकडे पाहिलं. त्यांनीही कोकणातलं घर असंच भावाला दिलं होतं, आणि अख्खी चाळ त्यांना देवासारखा माणूस म्हणायची. पंख्याखाली बसलेल्या काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. अजूनही कुणाच्या मोठ्या मनाचं कौतुक चाललं की मी आधी त्याच्या बायकोचा चेहरा शोधते.