पाण्यात आम्ल

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी दहावीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य उलटं लिहिलं, त्याखाली गुलाबी खडूनं दोन रेघा ओढल्या आणि हात झटकत पोरांना म्हणालो, "हे पाठच करा."

वाक्य इंग्रजीत होतं. आमच्या शाळेत सहा वर्षांपासून सेमी आहे, म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सेमी आणलं पोरांसाठी, घाम मात्र मला फुटला. मी शिकलो ते मराठीत, पुढं पदवी काढली ती गाईडच्या जिवावर. त्यामुळं दरवर्षी हे वाक्य मी पुस्तकात बघून फळ्यावर उतरवायचो. त्या दिवशी मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते. म्हटलं, बघू देत जरा. पुस्तक मिटलं आणि तोंडपाठ लिहिलं.

नियम साधा आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करायचं तर पाण्यात आम्ल सोडायचं, थेंबाथेंबानं, काचेच्या कांडीनं ढवळत. उलट केलं, म्हणजे आम्लात पाणी ओतलं, तर ते उसळून अंगावर येतं. तोंड, डोळे, समोर जे असेल ते. मराठीत हा नियम मी झोपेतून उठवलं तरी बरोबर सांगीन: पाण्यात आम्ल. आधी पाणी, मग आम्ल. तोच क्रम धरून मी इंग्रजी लिहिलं, 'ॲड वॉटर टू ॲसिड'. आता याचा इंग्रजीत अर्थ होतो, आम्लात पाणी घाला.

सोमवारी सकाळी परंड्याला घरी नाश्ता करता करता मी पोरांच्या प्रयोगवह्या तपासत होतो. आपण किती हुशार ते यावरून कळावं की सतरा वह्यांवर बरोबरची खूण करून, दोघांना वर 'छान' असा शेरा देऊन, अठराव्या वहीला माझा पेन थांबला.

आधी हसूच आलं. मग आठवलं, आणि घास तोंडातच राहिला.

वर्गात एक मुलगी आहे. चार किलोमीटरवरच्या वस्तीवरून सायकलवर येते, हाताला स्थिर, सांगितलं ते तंतोतंत करणारी. प्रयोगशाळेला आमच्याकडं मदतनीस नाही, जागा रिकामी आहे. शनिवारी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या, तिची तेवढी तिच्याकडंच ठेवली आणि निघताना तिला सांगितलं, "सोमवारी लवकर ये, शिपाईमामाकडून किल्ली घे अन् विरल ॲसिड करून ठेव. वहीत लिहिलंय तसंच कर, स्वतःचं डोकं चालवू नको."

हे काम माझं होतं. मला शाळेत जरा उशिरा पोचायचं होतं, एवढंच.

मुख्याध्यापकांचा फोन वाजून वाजून बंद झाला. शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांचा लावला तर त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते शाळंत गेल्याती. फोन घरीच ऱ्हातोय आमचा. काय निरोप हाय का? संध्याकाळी सांगते."

मी मोटरसायकल काढली. शाळा चौदा किलोमीटर. मुलगी दहाला येणार, आणि दहाला पाच मिनिटं कमी होती. वेशीबाहेर उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक, वर गाणी लावून निवांत चालल्या होत्या. हॉर्न वाजवून माझा अंगठा दुखायला लागला. ट्रॅक्टरवाला मागं बघून हात हलवायचा, ओळखीचं कुणी असावं असं समजून.

त्या धुळीत मला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो मी नीट बघत नव्हतो. तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. 'ताई, चूक माझी आहे' असं सुरू करावं की आधी दवाखान्याचं सांगावं? विज्ञानाचा शिक्षक मी, पोरांना नवससायासावर दर वर्षी दोन तास व्याख्यान देणारा. त्या रस्त्यावर आई भवानीला नवस बोललो. तोही मापात: हात भाजले तर भाजू देत, डोळे तेवढे राख. असला नवस बोलल्याची लाज मला अजून वाटते.

शाळेच्या आवारात शिरलो तर सगळं शांत. ओरडा नाही, पळापळ नाही. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकललं.

आत ती खिडकीशी उभी होती. समोर टेबलावर काचेचं चंचुपात्र, हातात कांडी.

"सर, ह्ये गरम झालंय. असं होतंय का?"

"तू कशात काय घातलं?"

"पाण्यात ॲसिड. वहीत लिहिलंय तसं."

"वहीत काय लिहिलंय? वाच."

तिनं वही उघडून वाचलं, खणखणीत. ॲड वॉटर टू ॲसिड.

"मराठीत सांग."

"पाण्यात ॲसिड टाका."

"कशावरून?"

सरांना आज बरं नाही, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "आधी वॉटर हाय, मंग ॲसिड. पाण्यात ॲसिड. ओळीनंच हाय की सर."

मी स्टुलावर बसलो. मी मराठीच्या क्रमानं चुकीचं लिहिलं होतं, तिनं मराठीच्याच क्रमानं चुकीचं वाचलं होतं, आणि दोन चुकांमधून पोरगी धड उभी होती. मी बरोबर लिहिलं असतं तर? ॲड ॲसिड टू वॉटर. आधी ॲसिड, मग पाणी. तिनं आम्लात पाणी ओतलं असतं, अगदी वहीबरहुकूम.

दुसऱ्या तासाला मी बरोबर वाक्य फळ्यावर लिहिलं आणि अर्थ विचारला. निम्म्याहून जास्त हात 'आम्लात पाणी'ला वर गेले. मी खाली मराठीत नियम लिहिला, शनिवारची चूक कबूल केली, घरी राहिलेल्या वह्यांवरच्या बरोबरच्या खुणा खोडीन म्हणून सांगितलं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, ह्याचे मार्क आमचे कापणार का तुमचे?" वर्ग हसला. मीही हसलो, पण ॲसिडच्या कपाटाची किल्ली तेव्हापासून माझ्या खिशात असते.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. चुकीनं चूक कशी कापली गेली हे मी जरा रंगवूनच सांगितलं. गणितात उणे गुणिले उणे अधिक होतं ना, तसं. तिला हसू येईल असं वाटलं होतं.

ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "अहो, आधीची पाच वर्षं तुम्ही पुस्तकात बघून बरोबर लिहीत होता न्हवं? ती पोरं आता कॉलेजात असतील. त्यांनी कसं वाचलं असंल?"