देवाच्या नावाने लिहिलेली ओळ

हे मी माझ्या मननाच्या वहीतही लिहिलेलं नाही. आणि त्या वहीत काही लपवायचं नसतं, असं मीच बायकांना सांगत आले. सकाळी पवित्र शास्त्रातला, बायबलमधला उतारा वाचायचा, शांत बसायचं, मग मनात असेल ते देवाला लिहायचं — राग, हाव, शंका, सगळं. छावणीतल्या माझ्या घरी दर गुरुवारी दुपारी आमची आठ-नऊ बायकांची प्रार्थना असते. मी निवृत्त शिक्षिका, सगळ्यांची 'बाई'. माझ्या वह्यांनी एक कपाट भरलंय, त्याचं आमच्या चर्चच्या मंडळीत केवढं कौतुक. आता बहात्तर वर्षांची झाले. खरं सांगू? त्या कौतुकाचा थकवा आलाय.

एस्तेर माझी जुनी विद्यार्थिनी. मागच्याच गल्लीत राहते. नर्स झाली, एका खासगी दवाखान्यात लागली. आमचे हे गेले तेव्हापासून माझं सगळं तीच बघते. पाच-सहा दिवसांनी नळाला पाणी आलं की आधी माझी टाकी भरणार, मग स्वतःची. इन्शुलिनची सुई तीच टोचते. मला मूलबाळ नाही — हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. सांगतेय खरं, पण कारण म्हणून नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी ती तिची वही माझ्याकडे विसरली. मला दिसली तेव्हा एस्तेर फाटकापाशी चपला घालत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. दार लावलं आणि वाचायला बसले.

तिला कुवेतला नोकरी मिळाली होती. मोठं इस्पितळ, ऑपरेशन थिएटरचं काम. आईला सांभाळायला धाकटा भाऊ तयार होता. तिनं देवाला लिहिलं होतं — 'विमानातून समुद्र दिसतो म्हणे. मी अजून समुद्र पाहिला नाही. जाऊ का? बाईंना कसं सांगू? तू काहीतरी बोल, तू म्हणशील तसं करीन.'

बाईंना कसं सांगू. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल? तिला माझी काळजी होती. आणि मला — मलाही माझीच.

वही दुसऱ्या दिवशी परत दिली. "उघडली नाही हं," असं म्हणाले, तिनं विचारलेलं नसताना. मग पुढच्या गुरुवारी सकाळी मी माझ्या वहीत लिहिलं — 'प्रभू म्हणतो, तुमच्यातली एक दूर जायला निघाली आहे. तिला सांग, तुझी जागा इथंच आहे.' फळ्यावर सुविचार लिहायची तसं वळणदार अक्षर काढलं. दुपारी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. वर म्हटलं, हे कुणासाठी आहे ते मला ठाऊक नाही.

प्रभू काही म्हणाला नव्हता. त्या सकाळी मी शांत बसलेच नव्हते. चहा पिता पिता लिहिलं होतं.

एस्तेर ओंजळीत तोंड धरून रडली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बाई, ते माझ्यासाठी होतं." मी म्हणाले, "प्रभूची स्तुती असो." हो — हेही म्हणाले. आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ती गेली नाही. भावानं लग्न करून लांब शेंद्र्याला खोली घेतली. पुढे आईनं अंथरूण धरलं, ते आजारपण एस्तेरनंच काढलं. तिचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क तरी मला कुठे आहे? माझं मात्र नाव झालं. बायका विचारायला येऊ लागल्या — बाई, देव काय म्हणतो? आणि मी सांगतही राहिले.

गेल्या महिन्यात तिची आई गेली. आठवड्यानं ती सुई द्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "वही लिहितेस ना गं? मन हलकं होईल."

"नाय बाई. लई वर्षं झाली सोडून."

"का?"

"मी विचारलं देवाला, अन् तो बोलला तुमच्यापाशी." दंडावर कापूस फिरवत ती अगदी साधेपणानं बोलत होती. "मग वाटलं, आपल्याशी नाय बोलत तो. तर लिहायचं कुणाला?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. तिला घाई नव्हती. तोंड उघडलंही होतं मी — आणि म्हणाले, "लिहीत राहा. बोलेल."

ती "बघू" म्हणाली. मी बाही खाली ओढली आणि चहा घेतेस का, असं विचारलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.