वाटणीची शंभर ताटं

सरकारनं थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली, ती नेमकी माझ्या लेकीच्या साखरपुड्याच्या तोंडावर. अशी चिडले मी! इंदापूरच्या दुकानदाराकडं नेहमीसारखे गठ्ठे मागितले, तर म्हणतो, "बंद झालं ताई ते. दंड कोण भरंल? घरातली स्टीलची काढा की आता."

घरातली होती, पण अर्धी. सासऱ्यांनी वस्तीवरच्या लग्नकार्यांसाठी शंभर ताटं घेऊन प्रत्येकावर आपलं नाव कोरून घेतलं होतं. पुढं दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. ऊस वाटला, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आणि ताटंही पन्नास-पन्नास वाटली. दुसरी पन्नास बांधापलीकडं, माझ्या थोरल्या जावेकडं. आणि आम्ही दोघी सहा वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगायला लाज वाटते. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत धाडत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालून देतात. वाटणीनंतरच्या पहिल्या होळीला तिनं पुरणपोळ्यांचा डबा पाठवला आणि मी घाईत तो रिकामाच परत केला. तिला वाटलं, मुद्दाम केलं. चूक माझीच, त्याच दिवशी कळलं होतं. पण पाय काही उचलला नाही. त्यात थर्माकोलनं सोय केली. कार्य उरका, गठ्ठा उकिरड्यावर फेका, कुणाच्या दारात जायला नको.

लेक मात्र अडून बसली. चुलतीच्या मांडीवरच वाढलेली ती. "मोठी आई आली न्हाय, तर मी पाटावर बसायची न्हाय."

गेले मग. जाऊ बाजारासाठी वांगी निवडत होती. वरही बघितलं नाही.

"आक्का, ताटं पायजे हुती."

"किती?"

"पन्नास." मग तोंडातून निघूनच गेलं, "आन् तुमी बी पायजे."

ती उठली, ताटांचं पोतं आणून माझ्यापुढं आदळलं आणि पुन्हा वांग्यांकडं वळली. झालं, म्हटलं, ही काही येत नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ताटं धुवायला काढली, तर पोत्याच्या तळाशी तोच डबा. रिकामा! डोक्यात तिडीकच गेली. "बघ, सहा वर्षांनी टोमणा मारला तुझ्या मोठ्या आईनं!"

लेक हसायला लागली. "आये, भर की त्यो. भरून मागितलाय तिनं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी पुरणपोळ्या लाटल्या, डबा गच्च भरला आणि बांध ओलांडला. वाटेत रडूच आलं मला. जाऊ उंबऱ्यातच बसली होती. तिनं डबा घेतला, झाकण उघडून बघितलं.

"लई उशीर केलास गं," म्हणाली.

ठेवणीतली पैठणी नेसून ती केव्हाची तयार होती.