चोवीस अंशांचं पाणी

१९९४ सालच्या मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत तंजावरच्या मराठी घरातली वसुमती तमिळनाडूतल्या मल्लिपट्टिणमच्या किनाऱ्यावर एकटीच राहत होती. तंजावरच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची नोकरी सोडून ती कोळंबीच्या बीजकेंद्रात आली होती. निर्यात वाढली तशी ही केंद्रं किनाऱ्यावर रांगेनं उभी राहिली होती. “आपल्या घरात जिला कुणी शिवत नाही, ती कोळंबी तू वाढवतेस, अक्का,” धाकटा भाऊ राजगोपाल म्हणायचा.

तिथं मराठी बोलायला कुणी नव्हतं. सकाळी ती काचेचं भांडं उजेडाला धरायची आणि आतल्या कोळंबीच्या पिल्लांना विचारायची, “जेविलांत का?” खाणाऱ्या पिल्लामागं विष्ठेचा बारीक धागा लोंबतो. तो दिसला की तिला उत्तर मिळायचं.

वादळानं वीज गेली, हीटर बंद पडले. पाणी एकोणतीस अंशांवरून चोवीसवर उतरलं. अंड्यातून निघाल्यावर पाचव्या दिवशी पिल्लांनी रूप बदलून डोकं खाली करून मागं पोहायला लागायचं, ते सहाव्या दिवशीही झालं नाही.

“रोग आहे, अम्मा. क्लोरिन टाकून ही टाकी संपवू, नाहीतर बाकीच्या टाक्याही जातील,” व्यवस्थापक चिदंबर म्हणाला.

“रोग नाही. थंडीत वाढ हळू होते. अजून दोन दिवस दे.”

“तुमच्या मराठीत सांगितल्यावर लवकर वाढतील का?” तो हसला.

गेल्या वर्षी अशाच थंडीत तिनं क्लोरिनला मान डोलावली होती. टाकी रिकामी झाली. खिडकीत विसरलेल्या बाटलीतली त्याच टाकीची पिल्लं मात्र तिसऱ्या दिवशी बदलली.

सातव्या दिवशी तंजावरला राजगोपालच्या मुलीचा, शांभवीचा साखरपुडा होता. वसुमतीनं नवी साडी पिशवीत भरून ठेवली होती. बस आली, गेली. ती टाकीपाशी स्टूल घेऊन बसून राहिली. क्लोरिनचा डबा तिनं स्टुलाखाली ओढून ठेवला होता.

आठव्या दिवशी दुपारी भांड्यात एक पिल्लू डोकं खाली करून, झटके देत मागं पोहताना दिसलं. मग दुसरं. मग मोजता येईनात. चिदंबरनं वाकून पाहिलं आणि डबा उचलून नेला.

संध्याकाळी तिनं बूथवरून राजगोपालला फोन केला.

“सगळे विचारत होते, अक्का. काय सांगणार मी? कोळंबी आजारी आहे?”

“आजारी नव्हती. उशीर झाला होता.”

“तुझ्या वाटणीची पोळी ठेवली होती. शेजारी देऊन टाकली.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला आठवलं, शांभवीनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती, ते विचारायचं राहिलं.