शेवटच्या पंगतीतले मुंजाकाका

आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडल्या की मांडव दोन मिनिटांत रिकामा होतो. भटजींचं शेवटचं 'सावधान' हवेत असतानाच निम्मे लोक चपला शोधायला लागतात, कारण पहिली पंगत धरायची असते. शूटिंगवाल्यांचंही तेच. कॅमेरा गळ्यात आणि माणूस पंगतीत. मागे राहिलेलं कन्यादान, होम, सप्तपदी हे सगळं नवरा-नवरी, त्यांचे आईबाप आणि भटजी असे सात-आठ जण धुरात डोळे चोळत उरकून घेतात.

आमच्या झरीच्या मुंजाकाकांनी मात्र कधी पहिली पंगत धरली नाही. दुसरीही नाही. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून ते होमाच्या धुरात उभे राहायचे आणि वाढपी ज्या पंगतीला स्वतः बसतात त्या पंगतीला जेवायचे. तोवर भजी संपलेली असायची, वरण गार झालेलं असायचं. कुणी हाक मारली तर म्हणायचे, "जेवण कवाबी सापडतंय बाबा, सातवं पाऊल एकदाच पडतंय."

मुंजाकाका सातवी शिकलेले. उंच, वाळके, डाव्या डोळ्याभोवती कॅमेऱ्यावर डोळा लावून लावून पडलेल्या बारीक सुरकुत्या. कॅमेरा हातात मावेल एवढा, छोट्या कॅसेटचा, कुणाकडून तरी जुनाच घेतलेला. काकूंच्या लुगड्याची तीन पदरी थैली शिवून त्यात तो ठेवायचे. पंचक्रोशीतली लग्नं त्यांनीच काढली. ते शूटिंग 'करत' नसत, लग्न 'काढत'.

त्यांचा माझा संबंध आला तो कॉम्प्युटरमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेतला तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरी कॉम्प्युटर आणला. गल्लीतला पहिलाच. आठवडाभर लोक बघायला येत होते आणि मी जिल्हाधिकाऱ्यासारखी खुर्चीत बसून होते. एक दिवस मुंजाकाका थैली घेऊन आले.

"उषाबाई, तू कॉम्प्युटर शिकायलीस म्हनं. मंग हे लग्न त्यात घालून दे. परभणीचा मिक्सिंगवाला दोन-दोन महिने लावायलाय."

मी होकार दिला. येत काहीच नव्हतं, पण नाही म्हणायची सवय नव्हती. कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायला एक वेगळं कार्ड लागतं, ते बसवून घेतलं. पहिलंच लग्न आत घेऊन चालवून पाहिलं तर चित्र झटके खात होतं. नवरी हार उचलायची आणि एकदम तो नवऱ्याच्या गळ्यातच दिसायचा. आवाज पुढे, चित्र मागे.

"काका, तुमची कॅसेट खराब आहे," मी निर्णय दिला.

काकांनी कॅमेऱ्याची वायर काढून आमच्या टीव्हीला जोडली. चित्र स्वच्छ, आवाज जागेवर.

"टीवी साफ दाखवायलाय. म्हंजी कॅसेट निर्दोष. आता तुझ्या डब्याचं बघ," ते म्हणाले. "आधी दोष कुनाचा ते ठरवावं माय, मंग हात घालावा."

मला राग आला. पण डब्याचाच दोष होता. मेमरी कमी होती आणि मागे चार प्रोग्राम उगाच चालू होते. ते बंद केले, मेमरी वाढवली, चित्र सुधारलं. काकांना मी एवढंच सांगितलं की "सेटिंगचा प्रॉब्लेम होता." ते हसले. "सेटिंगचाच असतंय नेहमी."

पुढचा घोळ मोठा होता. कॅसेट आत घेता घेता मध्येच थांबायची. मी कार्ड बदललं, वायर बदलली, प्रोग्राम पुन्हा टाकला. चार दिवस गेले. काका रोज येऊन भिंतीला टेकून बसायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे. मला वाटायचं, कंटाळलेत. पाचव्या दिवशी म्हणाले, "एकोणीस मिनिटं."

"काय?"

"दर बारीला एकोणीस मिनिटांनीच थांबायलंय. आजारी असतं तर कधी पाचला पडलं असतं, कधी तीसला. ह्ये तर येळ पाळायलंय. म्हंजी ह्येला कुनीतरी एवढंच सांगून ठेवलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हार्डडिस्क जुन्या पद्धतीने तयार केलेली होती. एक फाइल ठरावीक आकारापलीकडे वाढूच द्यायची नाही, असा तिचा नियम, आणि आमच्या चित्राला तो आकार एकोणीस मिनिटांत भरायचा. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, मार्क मिळाले होते. डिस्क रिकामी करून नव्या पद्धतीने तयार केली आणि नव्वद मिनिटांचं लग्न एका दमात आत आलं. शोध कुणी लावला यावर आम्ही दोघंही बोललो नाही.

मग माझं नाव झालं. माझ्या सीड्या लोक मागून घ्यायचे. अक्षता पडल्या की मी कॅप्चर थांबवायचे; पुढचं धुरातलं अर्धापाऊण तासाचं काम आत घेतच नसे, कारण ते कुणी बघत नाही. मूळ आवाज बंद करून गाणी टाकायची. चौकटीत बदाम, पाकळ्या. पिंगळीच्या सविताच्या लग्नात तर मी नवरा-नवरीच्या मागे बर्फाचे डोंगर बसवले. माझ्या मते ती माझी सगळ्यात चांगली सीडी.

काकांनी ती पूर्ण पाहिली. "डोंगर लय भारी हायेत," म्हणाले. "पर पिंगळीत डोंगर कुठाय?"

"लोकांना आवडतं, काका."

"आवडू दे की. कॅसेट मी ठेवतो माझ्यापशी."

बाकीचे शूटिंगवाले एकाच कॅसेटवर चार-चार लग्नं काढायचे. काका पुसत नसत. कॅसेटची छोटी पट्टी सरकवून ती बंद करायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही काढता येत नसे, आणि वर गावाचं नाव आणि मुलीचं नाव लिहायचे. मुलीचं माहेरचं नाव. नवऱ्याचं नाव लिहीत नसत. विचारलं तर म्हणाले, "सासरी गेल्यावर तांदळात दुसरं नाव लिवतेत. कुठंतरी पहिलं राहू दे."

मी पदवीधर झाले, लग्न झालं, परभणीला शाळेत नोकरी लागली. काकांच्या धंद्यात मोठे कॅमेरे आले, मग उडते कॅमेरे आले. काका शेतात राहायला गेले. आमची गाठ पडेनाशी झाली.

काही वर्षांपूर्वी माझ्या दारात एक बाई उभी राहिली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "ताई, मी सविता. पिंगळीची. माझ्या लग्नाची सीडी तुमीच बनवली न्हवं?"

तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली होती. सविताने पोटगीचा दावा लावला, तर त्याने कोर्टात सरळ सांगितलं की या बाईशी माझं लग्न झालंच नाही. मुलगी पण माझी नाही. लग्नाची कुठे नोंद नव्हती, भटजी वारले होते. सविताने सीडी दिली. समोरच्या वकिलाने ती चालवली आणि विचारलं, पिंगळीत असे बर्फाचे डोंगर कुठे आहेत? जो माणूस मागे डोंगर बसवू शकतो, तो पुढे नवरा बसवू शकत नाही का?

"आमचे वकील म्हनतेत, मूळ कॅसेट पायजे. काटछाट न केलेली. सप्तपदी दिसली पायजे, कायद्यानं लगीन तिथंच पुरं व्हतंय म्हनं, भटजीच्या तोंडून नावं ऐकू आली पायजेत," सविता म्हणाली. "सीडीत तर नुसतं गाणंच हाय ताई."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

रविवारी आम्ही दोघी झरीला काकांच्या शेतात गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पत्र्याची ट्रंक उघडली. कॅसेटा गावावार लावलेल्या. पिंगळीच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक काढली. 'पिंगळी, सविता'. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "डोंगर नडला का?"

मी ती परभणीच्या एका दुकानात नेली. त्यांच्याकडे तसा कॅमेरा होता. पडद्यावर नुसते चौकोन उडत होते, आवाज तुटक. दुकानदार म्हणाला, कॅसेट संपली. मी परत गेले आणि काकांना सांगितलं, "कॅसेट गेली."

"आधी कॅसेटीला दोष द्यायची सवय काय गेली न्हाई तुझी," काका म्हणाले. मग समजावून सांगितलं. सप्तपदीच्या मध्ये कॅसेट बदलावी लागू नये म्हणून ते साठ मिनिटांची कॅसेट लांब मोडवर नव्वद मिनिटं चालवायचे. तसं काढलेलं बहुतेक दुसऱ्या कॅमेऱ्याला वाचता येत नाही. "ज्याच्या हातचं अक्षर, त्यालाच लागतंय."

आणि तो कॅमेरा? काका देवघरात गेले. कॅमेरा तिथे होता. धंदा बंद झाल्यापासून दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, हळद-कुंकू वाहिलं जायचं. काकांनी कॅसेटचं झाकण उघडलं. आत सगळं पिवळं. इतक्या वर्षांची हळद झिरपून चित्र वाचणाऱ्या हेडवर बसली होती.

"मीच ह्येला देव केलं," काका म्हणाले, "अन् मीच आंधळं केलं."

दोन दिवस ते त्या कॅमेऱ्यापाशी बसले. मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा, आणि जपून ठेवलेली साफ करायची कॅसेट. ती दहा सेकंद फिरवायची, जास्त नाही. मी माझ्या माहेरी माळ्यावर पडलेला तो जुना कॉम्प्युटर खाली काढला, कारण ते कार्ड आजच्या कुठल्याच मशीनमध्ये बसत नाही. त्याच्यातली धूळ झाडली. तो चौथ्या खेपेला सुरू झाला.

सविता माझ्या माहेरच्या त्या खोलीत दाराशी उभी होती. काकांनी आधी कॅमेरा टीव्हीला जोडला. चौकोन. थांबवलं, पुन्हा साफ केलं. चौकोन कमी झाले. मला घाई झाली, मी बटणाला हात लावला, तर काकांनी हात बाजूला केला. "सबूर कर. दर खेपेला कॅसेट घासायलीय. आपल्याला एकच खेप भेटंल असं समजून चाल." तिसऱ्यांदा साफ केलं. चित्र आलं. मग वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि मी कॅप्चर सुरू केलं.

अक्षता पडल्या. मांडव रिकामा झाला. इथे मी नेहमी थांबवायचे. आता मी हात मांडीखाली घेऊन बसले. धूर, खोकला, भटजींनी दोन्ही घरांची नावं घेतली, स्पष्ट. नवऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे. मग पावलं. सविता दारातून मोजत होती, ओठ हलत होते. सातव्याला ती खाली बसली.

कोर्टात मूळ कॅसेट गेली, कॅमेरा गेला आणि साक्षीला मुंजाकाका गेले. धुतलेलं धोतर, हातात ती लुगड्याची थैली. समोरच्या वकिलाने शिक्षण विचारलं.

"सातवी."

"मग हे कॉम्प्युटरचं काम तुम्ही कसं केलं?"

"ते ह्या बाईनं केलं. ती बी.एस्सी. हाय. मी निस्ता उभा व्हतो."

"तुमच्याशिवाय सप्तपदी कोणी पाहिली?"

"घरचे सोडले तर कुनीच न्हाई साहेब. बाकीचे समदे जेवायला गेलते."

कोर्ट हसलं. वकीलही हसला. पुढच्या काही तारखांनंतर निकाल सविताच्या बाजूने लागला. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव राहिलं. सविता पेढे घेऊन झरीला आली तेव्हा काका म्हणाले, "आधी पोरीला दे. मी मागून खातो."

मुंजाकाका गेल्या वर्षी वारले. दुपारी जेवून झोपले, उठले नाहीत. तेराव्याला मी गेले तेव्हा काकूंनी ट्रंक पुढे केली. "तुलाच द्या म्हनलते." कॅमेराही दिला. आता देवघरात ठेवत नव्हत्या, कपाटात होता.

ट्रंकेत झरीचा गठ्ठा होता. त्यात माझ्या लग्नाची कॅसेट. बाकी सगळ्यांवर नुसतं गाव आणि नाव. माझ्यावर लिहिलं होतं, 'झरी, उषा, बि.एस्सी.' वेलांटी चुकलेली, टिंबं बरोबर.

माझ्या लग्नाची सीडी मीच केली होती. अर्थात अक्षतांपर्यंत. पुढचं मी कधी पाहिलं नव्हतं. परवा जुना कॉम्प्युटर सुरू केला, कॅमेरा जोडला आणि चालू दिलं. माझी सप्तपदी झाली. आम्ही उठून पाया पडायला गेलो. भटजी गेले. रिकामा मांडव, विझत आलेला होम, उलटलेल्या खुर्च्या. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू. बहुधा बंद करायचा विसरले. इतक्या वर्षांत त्यांची ही एकच चूक मला सापडली.

मग वाढपी तिथेच मांडवात पंगत धरून बसले आणि कोपऱ्यातून मुंजाकाका चित्रात आले. वाढप्यांच्या ओळीत शेवटी बसले. माझी आई वाढायला आली, काहीतरी बोलली, ऐकू येत नाही. काकांनी भात कालवला आणि सावकाश जेवायला लागले. मध्येच एकदा त्यांनी वर बघितलं, होमाच्या दिशेने, काही राहिलं तर नाही ना असं. कॅसेट संपेपर्यंत एवढंच आहे, अकरा मिनिटं.

ती अकरा मिनिटं मी आत घेतली. गाणं टाकलेलं नाही, काही कापलेलं नाही.