गोल फिरलेला हात

सकाळी नात बेसिनपाशी उभी राहून चांदीचे पैंजण टूथपेस्टनं घासत होती. पुदिन्याचा तो गार वास स्वयंपाकघरापर्यंत आला आणि माझं टाळकं सरकलं. पोरीचा काही दोष नाही, पैंजण छान उजळले. पण त्या वासासरशी मला पंचेचाळिशीतली एक बाई दिसू लागते: पदर खोचलेली, नाकाचा शेंडा वर, आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. ती बाई मीच. आज ती समोर आली, तर तिला बसवून पाणी विचारायच्या आधी दोन ठेवून देईन.

माझ्या लेकीच्या लग्नाची सीडी होती. तेव्हा गावोगावी शूटिंगवाले झाले होते आणि लग्न लागलं, की महिनाभरात चकचकीत तबकडी घरात यायची. तिच्यात बाकी काय होतं, तर जेवणाऱ्यांचे तोंडात घास असलेले चेहरे, नवरदेवाचे मित्र आणि शूटिंगवाल्यानं पडद्यावर सोडलेले, फुलांतून फिरणारे बाण. पण मधेच दोन मिनिटं हळद दळताना माझी आई होती. ऐंशीच्या घरातली, जात्याच्या खुंट्याला नुसता हात लावून बसलेली, आणि गाणं म्हणत होती. आमच्याकडं हळदीच्या गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव गुंफतात. आईनं त्यात माझं नाव घेतलं होतं, माहेरचं. सासरी आल्यावर ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहिलं आणि जुनं नाव त्या तांदळाबरोबरच कुठं गेलं कुणास ठाऊक. माझे वडील, आत्या, मामा एकेक करून गेले, तशी त्या नावानं हाक मारणारी एकटी आईच उरली होती. लेकीच्या लग्नानंतर दोन महिन्यांत तीही गेली. मग मला माझ्या नावानं हाक मारणारं काय उरलं, तर ही तबकडी.

रोज दुपारी मी ती लावायची. आधी पदरानं मायेनं पुसायची, लख्ख. पदर जरीचा, हे ध्यानात ठेवा.

जाफराबादजवळ माझं माहेर. धाकट्या भावाच्या बायकोनं ती सीडी चार दिवस बघायला नेली आणि जीपनं येऊन परत केली. त्याच दुपारी मी ती लावली. हळदीचं जातं आलं, आईनं तोंड उघडलं आणि चित्राच्या चौकड्या झाल्या. आई तशीच, तोंड उघडं, आवाज बंद. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. सीडी उजेडात धरली, तर अंगभर ओरखडे. भावजय अजून चहा पीत बसली होती. मी तिला काय काय बोलले! तिनं कपबशी खाली ठेवली आणि हळूच सांगितलं की तिच्याकडं ती एकदाच लावली होती, आणि असं झालं तर उपाय असतो. गावातल्या व्हिडिओवाल्यानं तिला दाखवला होता. "ट्यूबातली पांढरी पेस्ट लावायची वन्सं, मऊ फडक्यानं. पर गोल न्हाई फिरवायचं. मधातून काठाकडं सरळ सरळ पुसायचं. मी करून देऊ का?"

आता ही मला घासायला शिकवणार? जिच्या तांब्या-पितळेत गल्लीतल्या बाया कुंकू सारखं करून घेत, तिला? मी म्हणाले, "माझी आई होती तवर तिला जपलं न्हाईस, तिची सीडी काय जपशील?"

हे मी कुणाला म्हणाले, तर जिनं सहा वर्षं माझ्या आईचं हागणं-मुतणं काढलं, तिला. मी सणाला जाऊन पुरणपोळी खाऊन येणारी लेक. भावजयीनं कपबशी मोरीत नेऊन ठेवली. पिशवी उचलली आणि गेली.

मग मी कामाला लागले. पेस्ट कशाला, घरात दंतमंजन होतं, खरखरीत, चांगली पकड घेणारं. फडक्यावर घेतलं, तबकडी मांडीवर ठेवली आणि हात फिरवला. गोल. जन्मभर राखेनं भांडी घासलेला हात, तो सरळ कसा जाईल? तिनं गोल नको म्हटलं होतं, म्हणून तर जरा जास्तच गोल. वरून खोबरेल तेलाचं बोट. तबकडी आरशासारखी झाली असं मला वाटलं. प्लेअरमध्ये घातली, तर खर्र खर्र वाजलं आणि पडद्यावर अक्षरं आली: नो डिस्क. शूटिंगवाल्याकडं धावले, तर मूळ कॅसेटवर त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी लग्न भरलं होतं.

दिवाळीला लेक आली. तिनं तबकडी हातात घेऊन विचारलं, "आई, तू रोज कशानं पुसायचीस?" मी पदर दाखवला. तिनं जरीवर बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हाच जीपनं माहेरी जाऊन भावजयीचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? तबकडी लुगड्यांच्या तळाशी सारली आणि वीस वर्षं भावजयीशी हवापाण्याचं बोलत राहिले. जरीचा राग आला, शूटिंगवाल्याचा आला, त्या दोन इंग्रजी शब्दांचा आला. स्वतःवरचा राग तेवढा ओसरीवर ताटकळत ठेवला.

यंदा गेले भावजयीकडं. तीही आता म्हातारी, गुडघे धरून बसते. मी सरळ सांगितलं, सीडी मीच खराब केली, ओरखडेही माझेच. ती म्हणाली, "मला ठाव आहे की वन्सं. ओरखडे नेतानाच दिसल्ते." मग वीस वर्षं बोलली का नाहीस, असं मी तिच्यावरच खेकसले. माझी खोड! ती नुसती हसली.

मी विचारलं, आईचं गाणं येतं का. तिला सगळं येत होतं. सहा वर्षं उशाशी बसून ऐकलेलं. चाल धरून म्हणत गेली आणि माझ्या नावापाशी थांबली. "तुमचं नाव कसं घिऊ? थोरल्या नणंदेचं?"

"घे," मी म्हणाले. "रागानं घे पाहिजे तर."

तिनं घेतलं. खाली बघत, चोरी केल्यासारखं. आवाज आईचा नव्हता. आईचा आवाज मला आता कितीही डोळे मिटले तरी ऐकू येत नाही, आणि त्या दुपारी मी काढलेला शब्द मात्र चहाच्या वासासकट शाबूत आहे. काय टिकावं हे आपण ठरवत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतंच. जिला मी नको ते बोलले, तिच्या तोंडात माझं नाव इतकी वर्षं धड राहिलं होतं. मी तिला म्हटलं, पुन्हा म्हण. ती म्हणाली, गुडघे दुखून राह्यले वन्सं, जरा थांबा.

मी थांबले.